पाचशे नंबरचे बाण

"हात घाबरतो तुझा. दुसरं काही नाही," काकू म्हणाल्या, आणि काकू म्हणाल्या म्हणजे कुंपणापलीकडे सायकलला कुलूप लावणाऱ्या माणसालाही ते ऐकू गेलं.

धाकट्या सुनेने मान खाली घातली. तीस मीटरवरच्या टार्गेटमध्ये तिचे सहा बाण रुतले होते. सहाच्या सहा डावीकडे, आणि तेही विस्कटलेले, रागाने भिरकावल्यासारखे.

"सोडताना धनुष्याचा हात उजवीकडे दाब जरा. जड दार ढकलतेस ना, तसा. पाच महिने सांगतेय. भिंतीला सांगितलं असतं तर भिंत सरकली असती एव्हाना."

बाकीचे नेमबाज आपापल्या दोऱ्या तपासू लागले. काकू बोलत असताना दोरी तपासणं सगळ्यात सुरक्षित, हे क्लबात नवीन आलेल्यालाही आठवड्याभरात कळायचं.

सगळे त्यांचं ऐकून घेत, त्यालाही कारण होतं. घरामागच्या कारखान्यात काकूंनी पस्तीस वर्षं बाण केले होते. आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर एकटीने. लाकडाच्या काड्या शेकून सरळ करायच्या, पिसं कापून चिकटवायची, टोकं बसवायची. भिंतीवर कप्पे होते आणि कप्प्यांवर खडूने आकडे: पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस. आकडा धनुष्याच्या ताकदीचा. हलक्या धनुष्याला लहान आकड्याची लवचीक काडी, जड धनुष्याला मोठ्या आकड्याची कडक. काकू शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या. अक्षरं एकेक करून लावायच्या. पण टेबलाच्या कडेवर काडी ठेवून अंगठ्याने दाबली की कप्पा सांगायच्या. लांबलांबून लोक यायचे तो अंगठा बघायला.

कडकपणाचं महत्त्व त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? बाण सुटतो तो सरळ जात नाही. माशासारखा अंग वळवत, धनुष्याला वळसा घालून निघतो. फार कडक असला तर वळतच नाही, धनुष्याला खरडून डावीकडे जातो. फार मऊ असला तर उजवीकडे. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचं हे असं. लाकडाचा बाण सुनेच्या बाणासारखा डावीकडे गेला असता, तर काकू चहाचा कप खाली न ठेवता म्हणाल्या असत्या, "कडक झालाय, बदल."

पण हे बाण कार्बनचे होते.

सुनेने नऊ वर्षं सासूच्या कारखान्यात पिसं चिकटवली होती. दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवरून घरी आली की चहा घेऊन टेबलाशी बसायची. केसांत पिसं घेऊन झोपायची, असं तिचा नवरा म्हणायचा. चौतिसाव्या वर्षी एक दिवस म्हणाली, "आई, मी मारून बघू का?" क्लबाने तिला चोवीस पौंड ताकदीचं रिकर्व्ह धनुष्य वापरायला दिलं, ते पुढे टोकं वळलेलं, हलकं, शिकाऊ माणसाचं. लाकडाच्या बाणांनी तीन महिन्यांत ती इतकी चांगली मारायला लागली की कोच म्हणाले, हिला कार्बनचे बाण घ्या, स्पर्धेत उतरवू. चार जणांचा संघ जायचा होता. तीन ठरल्यासारखे होते. चौथी जागा रिकामी होती.

कार्बनच्या काड्या काकूंनी कधी घेतल्या नव्हत्या. पण तसं म्हणणार कोण? बाजारातल्या खेळाच्या दुकानात त्या एकट्या गेल्या. दुकानदाराने खोका उघडला. काड्यांवर आकडे छापलेले: पाचशे, सहाशे, आठशे, हजार. आकडे काकूंना येतात. हलकं धनुष्य, म्हणजे सगळ्यात लहान आकडा.

"पाचशेच्या आठ दे."

"चोवीस पौंडाला? काकू, अहो, यात काय असतं की..."

"तुझ्या वडिलांनी पहिलं धनुष्य घेतलं तेव्हा बाण कुणी दिले होते रे? मला शिकवू नकोस. पाचशे."

दुकानदाराने हात जोडले आणि पाचशेच्या आठ काड्या मापाने कापून दिल्या.

घरी आल्यावर काकूंनी सवयीने एक काडी टेबलाच्या कडेवर ठेवून दाबली. अंगठा म्हणाला, कडक आहे गं, खूपच कडक. काकूंनी अंगठ्याला गप्प केलं. नवीन माल आहे, बारीक आहे, हाताला वेगळा लागणारच. आकडा तर छापलेलाच होता की. आयुष्यभर ज्यांना वाचता येतं त्यांनी काकूंना छापलेलं दाखवून गप्प बसवलं होतं. या वेळी काकूंनी स्वतः वाचलं होतं.

तेव्हापासून सून डावीकडे मारत होती. बाण सगळ्यात लहान आकड्याचे, म्हणजे सगळ्यात मऊ, म्हणजे कडकपणाचा प्रश्नच नाही. मग उरलं काय? हात.

कोचांनी एकदा धीर केला होता. "काकू, दोन बाणांची पिसं काढून मारून बघू या का? पिसं बाणाचा दोष झाकतात. बिनपिसाचा बाण खरं काय ते सांगेल."

"माझ्या बाणांची पिसं उपटायची? आधी तुझ्या मिशा उपट, मग बघू खरं काय निघतं ते."

सगळा क्लब हसला. कोचही हसले. विषय संपला.

निवडीला तीन दिवस उरले तेव्हा, गुरुवारी संध्याकाळी, सुनेने धनुष्याचे भाग सुटे करून पिशवीत भरले. कारखान्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "रविवारी हे क्लबात परत देऊन येते. माझ्याच्याने होत नाही, आई. तुम्ही म्हणता तेच खरं. हातच तसा आहे."

तिचा आवाज साधा होता. रडली असती तर काकूंनी चार शब्द सुनावून तिला उभं केलं असतं. साध्या आवाजाला काय सुनावणार?

"मर्जी तुझी," काकू म्हणाल्या.

सून स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांना राग आला. पोरीचा, कोचांचा, आणि उगाच सगळ्या जगाचा. म्हणे तुम्ही म्हणता तेच खरं! बाण चोख आहेत हे एकदा सिद्धच करावं म्हणून त्यांनी तिचा एक बाण उचलला आणि भिंतीपाशी गेल्या. तिथे नवऱ्याने बसवलेले दोन खिळे होते, समान उंचीवर, मध्ये हात-सव्वा हाताचं अंतर. खिळ्यांवर काडी ठेवायची, मधोमध लोखंडी वजन लटकवायचं, आणि काडी किती झुकते ते मागच्या रेघांवर बघायचं. अंगठ्यावर भरवसा बसल्यापासून काकूंनी ते वापरलं नव्हतं. रेघांवर धूळ बसली होती.

आधी पंचविसाच्या कप्प्यातली लाकडाची काडी ठेवली. वजन लटकवलं. काडी खालच्या रेघेपर्यंत झुकली, इंचभर. बरोबर.

मग कार्बनचा बाण ठेवला. अर्धा इंच. वजन हाताने हलवून पाहिलं, दोनदा काढून लटकवलं. अर्धाच इंच. भिंतीवर त्या रेघेशी नवऱ्याने कधीतरी एक शब्द लिहिला होता. काकूंनी तो अक्षर अक्षर लावून वाचला. जड. जड धनुष्याचा.

काकू स्टुलावर बसल्या. अर्धा इंच झुकला, आणि वर छापलंय पाचशे. इंचभर झुकेल त्यावर काय छापलं असेल? हजार. आकडा धनुष्याच्या ताकदीचा नव्हताच. काडी किती वाकते त्याचा होता. जितका मोठा, तितकी मऊ. दुकानदार हेच सांगत होता. अंगठा हेच सांगत होता. भिंत सांगत होती, तीही त्यांच्या स्वतःच्या घरची.

काकूंचे कान तापले. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्यांनी पदर सारखा केला. पाच महिने. रोज संध्याकाळी, भर मैदानात, सगळ्यांदेखत. हात घाबरतो तुझा.

इथे कुणालाही वाटेल की काकू उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि सांगून मोकळ्या झाल्या. नाही गेल्या. पस्तीस वर्षांचं नाव असं पोळपाटाशी उभं राहून घालवता येतं होय? त्या कपाटापाशी गेल्या. टोक जड केलं की कडक बाण थोडा मऊ वागतो, हे त्यांना ठाऊक होतं. कुणाला काही न सांगता बाणच सुधारले तर? सून नीट मारायला लागेल, काकू म्हणतील, "बघ, शेवटी ऐकलंस माझं," आणि झालं.

"अगं," त्यांनी ओट्याकडे न बघता हाक मारली, "शनिवारी एकदा मार. मग ठरव काय ते."

शुक्रवारी सून दवाखान्यात गेल्यावर काकूंनी आठही बाणांची टोकं स्टोव्हच्या आचेवर तापवून काढली आणि होती त्यातली सगळ्यात जड बसवली. बोट भाजलं. विचारल्यावर म्हणाल्या, चहा करताना.

शनिवारी सकाळी मैदानावर सुनेने पहिला बाण सोडला. डावीकडचा थोडा मध्ये आला, पण टार्गेटच्या खालच्या लाकडावर आपटला. दुसरा गवतात. तिसरा लाकडावर. जड टोकांना ते हलकं धनुष्य तेवढं पोचवेना. सुनेने नेम धरायची साइट शेवटच्या पेचापर्यंत सरकवली, तरी बाण खालीच.

तिने धनुष्य खाली घेतलं आणि आपल्याच हाताकडे पाहिलं. "आता उंचीही धरता येईना," ती स्वतःशीच म्हणाली. "हळूहळू सगळंच जायला लागलं."

काकू तिच्या मागे चार पावलांवर उभ्या होत्या. शब्द इथपर्यंत आला होता, दातांपर्यंत. कोच बघत होते, चौथ्या जागेवर डोळा असलेली क्लबातली चौदा वर्षांची पोर बघत होती, पाणी मारणारा माळीसुद्धा बघत होता. काकू म्हणाल्या, "ऊन लागलं असेल. चल घरी."

हे वाक्य त्यांना पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. भाजलेलं बोट बरं झालं, हे नाही.

दुपारी त्यांनी बस पकडली. दुकानदार गल्ल्यावर बसून पेपर वाचत होता. काकू काउंटरपाशी उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"हजारच्या आठ दे."

त्याने वर पाहिलं. माणूस भला होता, काही बोलला नाही. आणि त्याचं ते न बोलणं काकूंना थपडेसारखं लागलं.

"त्या दिवशी तू सांगत होतास."

"जाऊ द्या काकू. होतं."

"होत नाही. मी केलं. काप आता नीट, आणि टोकंही तू म्हणशील ती दे. मी ऐकते."

संध्याकाळी त्यांनी आठही बाण तयार केले. पिसांची कामं हात आपोआप करत होते. एक काडी दाबून पाहिली. अंगठा काहीच म्हणाला नाही. जेवताना सून समोर बसली होती. काकूंनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मीठ मागितलं. धाकटा मुलगा म्हणाला, "आई, भाजीत मीठ जास्त झालंय आणि तू अजून मागतेस?"

"तुला काय करायचंय? गिळ."

रविवारी सकाळी मैदानावर खुर्च्या मांडल्या होत्या. निवडीला बाहेरून दोन परीक्षक आले होते. सून धनुष्याची पिशवी परत करायला कोचांच्या टेबलाशी गेली. काकू तिच्या मागोमाग, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले बाण. गुडघे दुखत होते, पण गुडघ्यांचं नाव पुढे करून थांबता आलं असतं म्हणूनच त्या थांबल्या नाहीत.

"ती पिशवी घेऊ नकोस," त्या कोचांना म्हणाल्या. मग वळल्या. जिथे उभं राहून पाच महिने बोलल्या होत्या तिथेच, आणि आवाज मुद्दाम तेवढाच ठेवला, कारण निंदा मोठ्याने आणि कबुली कानात, एवढ्या खाली त्यांना जायचं नव्हतं.

"ऐका सगळे. हिचा हात घाबरत नाही. बाण चुकीचे होते. मी आणले चुकीचे. आकडा उलटा वाचला. दुकानदाराने सांगितलं, त्याचं तोंड बंद केलं. यानं पिसं काढू या म्हटलं, याच्या मिशा काढल्या मी." कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. "गुरुवारी मला कळलं. तरी गप्प बसले. शुक्रवारी चोरून टोकं बदलली, म्हणून काल बाण खाली पडले. तेही मीच. ऊन नव्हतं लागलं तिला."

त्यांनी वर्तमानपत्र सोडवलं. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते आणि त्यांना तो लपवावासा वाटत होता.

सुनेने बाण घेतले, एक उचलून दोन्ही हातांत हलकेच वाकवून बघितला. पाच महिने सासूच्या शब्दावर विसंबून तिने बाण कधी असा वाकवून पाहिला नव्हता; आता तिलाही लगेच कळलं असणार. तिने सासूकडे पाहिलं ते फार वेळ पाहिलं. मग धनुष्य जोडायला बसली. परीक्षकांनी सरावाचे सहा बाण मारू दिले.

पहिला बाण सुटला तेव्हा आवाजच वेगळा आला. खरड नाही, खडखड नाही. मऊ, नुसता दोरीचा. काकूंनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा बाण उजवीकडे होता.

दुसराही उजवीकडे. तिसराही. क्लबातले एकमेकांकडे बघू लागले: हे काय, आता बाण बरोबर असूनही? बाकी कुणाच्या आधी काकूंना कळलं. बाण चोख होते. धनुष्याचा हात सोडताना उजवीकडे दाबत होता. जड दार ढकलावं तसा. पाच महिने रोज सांगितलं होतं. भिंत नसली सरकली, सून सरकली होती. बाण आठ रुपड्यांत बदलता येतात, म्हणजे अगदी आठ नाही, पण दुकानात मिळतात. हात दुकानात मिळत नाही.

"दाबू नकोस," त्या म्हणाल्या, पण आवाज निघालाच नाही.

सुनेला आपलं आपणच सापडलं. दुसऱ्या फेरीत दोन बाण मध्ये बसले. तिसऱ्या फेरीत चार. मग पुन्हा हात जुन्या सवयीने निसटला, पुन्हा सावरला. शेवटच्या फेरीत सहाच्या सहा मधल्या पिवळ्या वर्तुळात किंवा त्याच्या काठावर आले, इतके जवळ जवळ की परीक्षकाने चष्मा पुसून मोजले. पण सुरुवातीच्या फेऱ्या कुठे जाणार? चार गुणांनी ती मागे राहिली. चौथी जागा त्या चौदा वर्षांच्या पोरीला मिळाली. काकूंनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. काय करणार, पोरीने मारलं होतं चांगलं.

घरी जाताना दोघी चालतच निघाल्या. धनुष्य सुनेच्या खांद्यावर, बाण काकूंच्या काखेत.

"पुढची निवड सहा महिन्यांनी आहे," दोन गल्ल्यांनंतर सून म्हणाली.

"हो."

"हात मोडायचा आहे मला. म्हणजे ती सवय."

"हो गं."

"रोज संध्याकाळी जाणार मी. तुम्ही पण यायचं."

"येईन की. मी सांगते तुला कसं..."

"नाही." सून रस्त्यातच थांबली. नऊ वर्षांत तिने सासूचं वाक्य मध्ये तोडलं नव्हतं. "यायचं, मागे उभं राहायचं. सगळे असताना. आणि बोलायचं नाही. एक शब्द नाही. मी मारीन, तुम्ही बघायचं. डावीकडे गेला तरी, उजवीकडे गेला तरी."

"आणि किती दिवस हे?"

"पाच महिने," सून म्हणाली आणि चालू लागली.

सोमवारी संध्याकाळी काकू मैदानावर आल्या. नेहमीच्या जागी, चार पावलं मागे. कोचांनी खुर्ची आणून दिली, "बसा काकू," म्हणाले. काकूंनी नुसती मान हलवून नाही म्हटलं. कोच चमकून बघतच राहिले.

सुनेने पहिला बाण लावला, ओढला, सोडला. उजवीकडे, वीतभर.

काकूंनी तोंड उघडलं. मिटलं. पदराचं टोक दातात धरलं.

"काही म्हणालात?" सुनेने वळून न बघता विचारलं.

"नाही."

"मला वाटलं काही म्हणालात."

"नाही गं," काकू म्हणाल्या, कुंपणापलीकडे सोडा, शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं इतक्या हळू. सहा बाण संपेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग गुडघ्यांवर हात टेकत, कुणी सांगितलं नसताना, टार्गेटमधले बाण काढून आणायला निघाल्या.